दहा नंबरनंतर अकरा नंबर

सॉफ्टवेअरच्या आवृत्तीला क्रमांक देण्याच्या पद्धती मुख्यतः चार: पोटविभागाची, सरळ मोजणीची, तारखेची आणि लहरीची. पहिल्या दोन समजून घ्यायला भोपाळची अरेरा कॉलनी पुरते.

पोटविभागाची पद्धत म्हणजे इथला टपालाचा पत्ता. आधी ई-१, ई-२ असा सेक्टर, मग तिरकी रेघ, मग घराचा क्रमांक. सॉफ्टवेअरमध्ये रेघेच्या जागी टिंब येते आणि आकडे बहुधा तीन असतात. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी लिहून काढलेल्या नियमांनुसार पहिला आकडा वाढला की जुने काही मोडणार, दुसरा वाढला की नवे काही मिळणार आणि तिसरा वाढला की नुसती डागडुजी. नियम स्वच्छ आहे. मात्र डागडुजीत काय मोडले, हे करणाऱ्याला ग्राहकाच्या फोनवरूनच कळते. शिवाय इथले टिंब दशांशचिन्ह नव्हे. २.९ नंतर २.१० येते, यावर गणिताच्या बाई लाल रेघ मारतील. गल्लीत ९ क्रमांकाच्या घरानंतर १० क्रमांकाचे घर आले तर त्याच बाईंची काही हरकत नसते.

सरळ मोजणी सिटी बसच्या थांब्यांनी रूढ केली. सहा नंबर, दहा नंबर, अकरा नंबर ही आता ठिकाणांचीच नावे आहेत. दहा नंबर मार्केटात भाजी घेणाऱ्याला एक नंबर कुठे हे ठाऊक नसते आणि त्यावाचून त्याची मेथी अडत नाही. क्रोम ब्राउझरचे तसेच. २०२२ साली त्याची १०० वी आवृत्ती आली, तेव्हा वापरणाऱ्यांना पत्ताही नव्हता. घाम फुटला तो दोनच अंक वाचायला शिकलेल्या वेबसाइटवाल्यांना. अशा आकड्यावर एकच बंधन: एकदा दिला की दुसऱ्या आवृत्तीला द्यायचा नाही. दहा नंबर दोन झाले, तर रिक्षावाला कुठे उतरवेल याचा नेम नाही.

तारखेच्या पद्धतीत वय लपत नाही. उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४ मध्ये आली, म्हणून ती ४.१०. एप्रिल २००६ ची आवृत्ती रेंगाळत जूनमध्ये आली, तेव्हा ६.०४ चे ६.०६ झाले. उशीर इतक्या प्रामाणिकपणे नावातच नोंदवणारे खाते विरळाच.

लहरीच्या पद्धतीत मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ वरून थेट १० वर उडी मारली. डोनाल्ड क्नुथ यांची लहर अधिक शिस्तीची. त्यांच्या टेक्स या अक्षरजुळणीच्या प्रणालीत नवी दुरुस्ती आली की क्रमांकाला पायचा एक अंक जोडला जातो. २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. आपल्या मृत्यूनंतर क्रमांक पाय करावा आणि उरलेले दोष वैशिष्ट्ये मानावीत, असे त्यांनी सांगून ठेवले आहे.

निवड सोपी आहे. इतरांचे प्रोग्रॅम ज्यावर उभे आहेत त्याला पोटविभाग, घरोघरी आपोआप बदलणाऱ्याला सरळ मोजणी, ठरल्या महिन्यांना येणाऱ्याला तारीख. पायची वाट धरणाऱ्याने आधी दोष तेवढे कमी करावेत.