लाल चांदणी

जगातल्या कुठल्याही माणसाला आपला पत्ता भरता येईल असा फॉर्म करायचा, हे सध्या आमच्या टीमकडे आलेलं काम. साहेबांच्या मते किरकोळ. "त्यात काय आहे? घर नंबर, रस्ता, शहर, राज्य, पिनकोड. सगळ्यांना लाल चांदणी लावा. एकही रकाना रिकामा सोडू देऊ नका!" साहेबांचं बालपण मु. पो., ता., जि. लिहिण्यात गेलेलं, पण अमेरिकेत राहून आल्यापासून त्यांना जगातली सगळी घरं रस्त्याकडेला ओळीनं उभी दिसतात.

हाँगकाँगला पिनकोडच नाही. दुबईतही नाही, तिथलं टपाल पोस्टातल्या पेटीच्या नंबरावर जातं. मग दुबईकर निमूटपणे पाच शून्यं टाकतो आणि फॉर्म खूश होतो. सिंगापूरचा माणूस शहर, राज्य, देश या तिन्ही रकान्यांत नामजप केल्यासारखं सिंगापूर लिहितो. जपानात बहुतेक रस्त्यांना नावं नाहीत. आधी प्रांत, मग शहर, मग वस्ती, मग ब्लॉक, शेवटी इमारत. जुन्या भागांत तर ३ नंबरशेजारी १७ नंबर निघू शकतो. सदाशिव पेठेत घर शोधलेल्यांनी कृपया हसू नये.

माझा जीव मात्र कोस्टा रिकावर जडला. तिथं पत्ता असा: अमक्या चर्चपासून २०० मीटर दक्षिणेला, हिरव्या फाटकाचं घर. यातले १०० मीटर म्हणजे एक चौक ओलांडणं. टेप लावायचा नाही. सान होसेजवळ सान पेद्रोत वडा-उंबराच्या कुळातलं एक झाड होतं. ते कधीच गेलं, पण लोक अजून त्या 'जुन्या झाडा'पासूनच अंतर मोजतात. लकडी पुलावरून रोज ऑफिसला येणाऱ्या मला त्यात काहीच वावगं वाटेना. चाचणीसाठी मी असा अख्खा पत्ता फॉर्ममध्ये टाकला. लाल अक्षरांत उत्तर आलं: 'कृपया वैध घर क्रमांक भरा.'

तसा माझा पिनकोडवर राग नाही. आपला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला, तो श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कल्पनेतून. टपाल खात्यातले अधिकारी आणि वर संस्कृत कवी! एकाच नावाची ढीगभर गावं आणि पाकिटांवर नाना लिप्या, हा सगळा पसारा त्यांनी सहा आकड्यांत बसवला. वृत्तात बसवायची सवय कामी आली असणार.

आयर्लंडनं देशभरासाठी असा कोड आणला तो थेट २०१५मध्ये. तोवर खेड्यांत कितीतरी घरांचा पत्ता अक्षरशः एकच असे; कुठलं पाकीट कुणाचं, हे पोस्टमनला नावावरून ठाऊक. आमच्या कोकणातल्या वाडीत तर आडनावही एकच, तरी मनीऑर्डर कधी चुकली नाही. म्हणून मी मीटिंगमध्ये सुचवलं, की पत्त्याखाली एक चौकट ठेवू: 'पोस्टमन ओळखतो.'

साहेबांनी गंभीरपणे वहीत टिपून घेतलं आणि विचारलं, "याला चांदणी लावायची ना?"