चाळीच्या ग्रुपचे अ‍ॅडमिन महोदय यांस अनावृत पत्र

प्रति,
मा. अ‍ॅडमिन महोदय,
रहिवाशांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप (गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील कोणताही).

विषय : लहान मुलांची ऑनलाइन सुरक्षितता आणि त्या कामी ग्रुपने बजावलेली कामगिरी.

महोदय,

मुलांना ऑनलाइन गाठणारा माणूस सुरुवातीला काहीच मागत नाही. खेळात मूल जिंकले की तो शाबासकी देतो, हरले की ‘चालतं रे’ म्हणतो. घरी दिवसभर ‘अभ्यासाला बस’ एवढेच कानावर पडणाऱ्या मुलाला तो आवडू लागतो. मग राहायला कुठे, वय किती, मुलगा की मुलगी, अशी चौकशी होते. त्यानंतर खेळातल्या उघड गप्पा खासगी चॅटमध्ये नेल्या जातात आणि ‘हे आपल्यातच ठेव’ असे बजावले जाते. शेवटी फोटो मागितला जातो. तो एकदा हाती आला की आईवडिलांना किंवा शाळेला पाठवण्याची धमकी देऊन आणखी फोटो, नाहीतर पैसे उकळले जातात. मुलग्यांकडून बहुधा पैसेच.

ग्रुपवर नित्यनेमाने ज्या ‘मुले पळवणाऱ्या टोळी’चे वर्णन येते, तिच्याशी या इसमाचे काहीही साम्य नाही. त्याच्याकडे पोते नसते, काळ्या काचांची व्हॅन नसते, आणि तो चाळीचा जिना चढत नाही. त्यामुळे गॅलरीत खुर्ची टाकून बसणाऱ्या ज्येष्ठांच्या नजरेतून विक्रेते, कुरिअरवाले आणि पाहुण्यांचे पाहुणे सुटत नसले, तरी पोटमाळ्यावर कानात इअरफोन घालून खेळणाऱ्या सहावीतल्या मुलाशी कोण बोलते आहे, हे खालच्या दहा बाय बाराच्या खोलीत बसलेल्या पाच माणसांनाही कळत नाही. इतक्या दाटीत इतका एकांत चाळीत पूर्वी कोणाला मिळाला नव्हता.

ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबईतील राज्य पोलीस मुख्यालयात सायबर जनजागृती महिन्याचे उद्घाटन झाले. तेथे अभिनेते अक्षय कुमार यांनी स्वतःच्या घरातला प्रसंग सांगितला. त्यांची मुलगी ऑनलाइन खेळत असताना समोरच्या अनोळखी खेळाडूने आधी गोड कौतुक केले, मग कुठली, मुलगा की मुलगी, हे विचारले, आणि उत्तर मिळताच तिच्याकडे नग्न छायाचित्र मागितले. मुलीने खेळ बंद केला आणि आईला सांगितले. सातवी ते दहावीच्या वर्गांना आठवड्याला एक सायबर तास असावा, अशी मागणी त्यांनी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर केली. मागणी योग्यच आहे. मात्र त्या दिवशी मुलगी वाचली ती तासामुळे नव्हे. आईला सांगितले तर आपलेच काही बिघडेल, असे तिला वाटले नाही, म्हणून ती वाचली.

अशा बातमीवर ग्रुपची प्रतिक्रिया ठरलेली असते. हात जोडल्याची चिन्हे येतात, ‘हल्ली संस्कारच उरले नाहीत’ असे मत नोंदवले जाते आणि संध्याकाळपर्यंत चाळीतले निम्मे मोबाइल कपाटावर जातात. शिक्षा मुलांना होते. गुन्हा अजून घडलेला नसतो, पण प्रतिबंधक उपाय म्हणून ती दिली जाते. यातून मूल एक धडा पक्का शिकते : सांगितले की फोन जातो. नेमके हेच तो इसमही चॅटमध्ये सांगत असतो की घरी कळले तर तुझा फोन काढून घेतील, तुलाच बोलतील. या मुद्द्यावर ग्रुपचे आणि त्याचे संपूर्ण एकमत आहे, आणि त्याचा धंदा मुख्यतः या एकमतावर चालतो.

मुलांच्या काळजीपोटी फॉरवर्ड करण्याच्या कार्याची दखल घेणेही क्रमप्राप्त आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा त्या भागात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होती. त्या वर्षी देशभर पसरलेली एक चित्रफीत तर मुळात कराचीत तयार झालेली बालसुरक्षेची जनजागृती फिल्म होती. मूल सुखरूप परत आणून सोडल्याचा शेवट कापल्यावर ती अपहरणाचा पुरावा झाली. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. मर्यादा अजून आहे. ग्रुपमधले कार्यकर्ते त्यावर मात करून पाच-पाचच्या तुकड्यांत पाठवतात.

गुणवंतांचा सत्कार हा उपक्रमही येथे येतो. गणेशोत्सवात वेशभूषा स्पर्धा आणि दहावीच्या यशाचे फलक लागतात. त्यावर मुलाचा फोटो, पूर्ण नाव, शाळा, इयत्ता, खोली क्रमांक नसला तरी चाळीचे नाव, आणि वडिलांचा मोबाइल क्रमांक शुभेच्छुक म्हणून. तोच फलक रीलमध्ये जातो. अनोळखी माणसाला ओळखीचा भासण्यासाठी लागणारी सगळी सामग्री मंडळ विनामूल्य पुरवते. ‘तू अमुक शाळेतला ना? तुझा कृष्णाचा वेश पाहिला’ या वाक्यानंतर परकेपणा कुठला?

वयाचा प्रश्न पालकांनीच सोडवून टाकला आहे. बहुतेक समाजमाध्यमे 13 वर्षांखालच्यांना खाते देत नाहीत, म्हणून खाते उघडताना जन्मसाल मागे सरकवले जाते, आणि पुष्कळदा ते सरकवणारे बोट वडिलांचे असते, कारण कटकट संपवायची असते. परिणामी कंपनीच्या लेखी पाचवीतला मुलगा सज्ञान होतो आणि लहानांच्या खात्याला आपोआप मिळणारी संरक्षणे, जसे की अनोळखी संदेश अडवणे, त्याला लागू होत नाहीत. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती बंधनकारक केली आहे. तिचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. ज्या वडिलांनी साल मागे सरकवले, तेच संमती देणार असल्याने फार चिंतेचे कारण नाही.

राहता राहिला कायदा. 14 नोव्हेंबर 2012 पासून मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा लागू आहे. लैंगिक हेतूने मुलाशी डिजिटल माध्यमातून वारंवार संपर्क साधणे हाही त्यात गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 67-ब मुलाला ऑनलाइन लैंगिक संबंधाकडे ओढणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद सांगते. ‘बघा काय चाललंय’ अशा संतप्त मथळ्यासह मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रफीत पुढे पाठवणाऱ्या सभासदालाही हेच कलम भेटू शकते. संताप हा बचाव नाही. 23 सप्टेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा मजकूर नुसता बाळगण्याबाबतही कडक भूमिका घेतली.

‘चाळीचं नाव खराब होईल, आपसांत मिटवू’ या ग्रुपच्या धोरणाला मात्र कायद्याची साथ नाही. पॉक्सोच्या कलम 19 नुसार गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येक व्यक्तीने ती पोलिसांना कळवायची असते. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. उलट, मुलाची ओळख माध्यमांतून उघड करण्यास मनाई आहे, आणि ओळख म्हणजे काय याच्या यादीत नाव, पत्ता, शाळा यांच्याबरोबर शेजारही आहे. म्हणजे जे सांगायचे ते ग्रुप दडवतो आणि जे दडवायचे ते रात्री दहापर्यंत सर्व मजल्यांना माहीत असते.

तक्रारीपूर्वी चॅट पुसू नये, समोरच्याला ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट आणि खात्याचे नाव जपून ठेवावे, आणि पैसे देऊ नयेत. दिल्याने मागणी थांबत नाही, वाढते. मुलांसाठी 1098 हा क्रमांक आहे. या सेवेची सुरुवात 1996 मध्ये मुंबईतच झाली. पैसे गेले असतील तर 1930, आणि ऑनलाइन तक्रारीसाठी केंद्र सरकारचे सायबर गुन्हे पोर्टल. फोटो पसरण्याची भीती असेल, तर एका अमेरिकी बालसंरक्षण संस्थेची ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा फोनमधल्या फोटोची केवळ डिजिटल खूण घेते, फोटो घेत नाही, आणि सहभागी कंपन्या त्या खुणेवरून तो शोधून काढून टाकतात.

पॉक्सोनुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता नोंदवायचा असतो. त्यामुळे दारात पोलीस दिसून गॅलरीत चर्चा होईल, ही ग्रुपची मुख्य चिंता कायद्याने 2012 सालीच दूर केलेली आहे.

कळावे,
ग्रुप म्यूट करून ठेवलेला एक सभासद