घाटाचे आप्पा

दुधनीत चढ नाही. अक्कलकोट तालुक्याच्या या टोकाला काळी जमीन, तूर, हरभरा, ज्वारी, आणि लगेच पलीकडे कर्नाटक. भोर घाटात ३७ फुटांना १ फूट चढवता चढवता रेल्वेचा जीव निघाला, तेव्हा कुठे १८६३ साली तो घाट सुरू झाला. पुढे १८७१ला रायचूरला मद्रासच्या रुळांना जाऊन भिडताना आमच्या रानातून रेल्वेचा साहेब डुलक्या घेत गेला असावा. आजही गावातला सर्वांत उभा चढ म्हणजे मार्केट यार्डात ट्रकच्या फाळक्याला लावलेली फळी.

आणि घाटातल्या सायकलिंगचा एवढा मोठा जाणकार निपजला तो नेमका याच गावात.

आप्पांची आडत आहे. वय साठीच्या अलीकडे, पोट साठीच्या पलीकडे. खाली आत गादी शिवलेली सायकलची चड्डी, लोकलज्जेस्तव तिच्यावर पंचा, डोक्यावर माकडटोपी आणि माकडटोपीवर हेल्मेट. सायकल भारीतली, ग्रॅव्हल बाईक. दुकानात तुरीच्या थप्पीला टेकवून ठेवलेली असते. गिऱ्हाईक आलं, की आधी तिची किंमत ऐकतं, मग तुरीची.

खारदुंगला खिंडीतल्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं आणि जीपीएसने मोजल्यावर ती १७,५८२ फुटांची निघाली, हे आप्पांना पाठ आहे. ही घट ते अशा सुरात सांगतात, जणू कुणी त्यांच्याच काट्यावर माप मारलं. ब्रेव्हे म्हणजे वेळेत संपवायची लांब पल्ल्याची सायकल राईड; २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात, ६००ला ४०, हेही पाठ. एकाच चढावर खालीवर करत ८,८४८ मीटर चढाई भरून काढण्याचा 'एव्हरेस्टिंग' नावाचा प्रकार त्यांना कळला, त्या दिवशी त्यांनी फळीची उंची दीड मीटर धरून आडतीच्या पट्टीच्या पाठीमागे हिशेब मांडला: ५,८९९ खेपा. "म्हणजे आपले हमाल सुगीत एव्हरेस्ट करायलेत बे! तेही पोतं घेऊन!" एवढं बोलून त्यांनी हमालांकडे आदराने पाहिलं. हमालीचा दर मात्र होता तोच राहिला.

चढाचे टक्के आम्हाला त्यांनीच शिकवले. "दहा टक्के चढ म्हणजे शेकड्याला दहा व्याज. शंभर मीटर गेलास, दहा मीटर वर भरलास. न थांबता भरत राहायचं. थकलं की बोकांडी बसतं." आमच्या सायकलच्या ग्रुपमध्ये एक गुरुजी, एक मेडिकलवाला, एक बँकेतले साहेब आणि कॉलेजची दोन पोरं. बँकेतल्या साहेबांनी घाटाचं एवढं सोपं स्पष्टीकरण आयुष्यात ऐकलं नव्हतं.

संक्रांतीच्या अलीकडच्या रविवारी आप्पांनी राईड काढली. पहाटे छोट्या हत्तीत सायकली चढवल्या आणि अक्कलकोटवरून नळदुर्ग गाठलं. तिथून पुढे पायडल. तुळजापूरच्या अलीकडे बालाघाटाच्या डोंगरात हमरस्ता सोडून खडीचा कच्चा रस्ता धरायचा, असा बेत. थंडी अशी, की ब्रेकवरची बोटं आपली आहेत की दुसऱ्याची, ते कळेना. आप्पांनी सर्वांना कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली होती. पहिल्या दोन किलोमीटरच्या धक्क्यांतच भाकरीचा चुरा झाला. "चांगलंय की, चावायचे कष्ट वाचले," आप्पा म्हणाले.

चढाच्या पायथ्याशी त्यांनी सगळ्यांना थांबवलं. टायरमधली हवा थोडी सोडा, खडीत पकड येते. गिअर चढ लागायच्या आधी हलका करा, नंतर चेन ओरडते. सीटवरून उठू नका. उठलात की मागच्या चाकावरचं वजन जातं आणि चाक जागेवर फिरतं. यातलं एक अक्षर चुकीचं नव्हतं. चुकीचं असतं तर त्यांच्यावर निदान रागावता तरी आलं असतं.

"नडीरी, नडीरी!" आप्पांनी कानडीत हुकूम सोडला. रंगात आले की त्यांची मराठी सरहद्द ओलांडते.

आम्ही निघालो. आप्पा मात्र खालीच. कुणाचं पंक्चर झालं तर मागे जबाबदार माणूस नको का? मेडिकलवाले पहिल्याच वळणाला उतरले आणि सायकल ढकलू लागले. गुरुजी सीटवरून उठले, चाक जागेवर फिरलं, आणि गुरुजी विद्यार्थ्यांदेखत खडीवर बसले. पोरं तेवढी पायडल मारत पुढे गेली. अर्ध्या वाटेत मागून हॉर्न वाजला. छोटा हत्ती. ड्रायव्हरशेजारी आप्पा, मागे त्यांची सायकल, आणि खिडकीतून सूचना: "साहेब, गिअर! गिअर!"

वर पोचलो तेव्हा एका शेतकऱ्याच्या बांधावर आगटी पेटलेली, कणसं भाजायला लागलेली, आणि हुरड्याचा भाव आप्पांनी आधीच पाडलेला. खाता खाता प्रत्येकाच्या चढण्यातल्या चुका त्यांनी नावानिशी सांगितल्या. टेम्पोतून सगळं स्वच्छ दिसलं होतं.

आम्ही मनात ठरवून टाकलं, की माणूस नुसता बोलघेवडा. मग उतार आला.

सुटी खडी, खाली घळ. आमची सर्वांची बोटं ब्रेकला चिकटलेली. साहेब तर उतारावरही सायकल ढकलत होते. आप्पांनी पंचा कमरेला खोचला, अंग सीटच्या मागे टाकलं, आणि पुढच्या ब्रेकला हात न लावता धुळीचा लोट उडवत वळणावळणाने नाहीसे झाले. तरुणपणी याच माणसाने कॅरिअरवर पोतं बांधून, ब्रेक नसलेल्या सायकलवर, खडीच्या रस्त्यांनी गावोगावची खरेदी केली होती. इतकी वर्षं बडबडून एवढंच तेवढं त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

आम्ही खाली पोचलो तेव्हा ते दगडावर बसून चेनला तेल देत होते.

"आप्पा, असं उतरता येतं तर चढत का नाही?" एका पोराने विचारलं.

"व्याज तुम्ही भरा, बाळा. मुद्दल मी उचलतो."

मग खिशातून पट्टी काढून त्यांनी हुरड्याचा खर्च माणशी वाटला. त्यात छोट्या हत्तीचं डिझेलही होतं.