बावीस कॅरटचं बोइंग

ग्वाल्हेरच्या सराफ्यात आता "घरचंच समजा, शुद्ध आहे" एवढ्यावर दागिना खपत नाही. किरकोळ अपवाद सोडले तर १ एप्रिल २०२३ पासून सोन्याच्या प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा हॉलमार्क-क्रमांक लागतो. भिंग लावा, क्रमांक वाचा, मोबाइलवर ताडून बघा, मग पैसे मोजा. याच बाजाराच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, एक मराठी चिरंजीव रोज रात्री जेवण उरकून बोइंग ७३७ उडवतात. त्या बोइंगच्या शुद्धतेची हमी दोघंच देतात: एक विकणारा आणि दुसरा पैसे देऊन बसलेला घेणारा.

हा माल म्हणजे ‘ॲड-ऑन’. मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर घेतला की त्यात विमानं असतातच, पण दर्दी माणसाला ती पोरखेळ वाटतात. तो पीएमडीजीचं ७३७ घेतो, नाहीतर फिनिक्सचं ए-३२०. एकेक पाच-सहा हजारांच्या घरात. अशा विमानांना दर्दींनी एक बिरुद बहाल केलंय, ‘स्टडी लेव्हल’. म्हणजे इतकं अस्सल की अभ्यास केल्याशिवाय जागचं हलणार नाही. खरे वैमानिक ज्यावर शिकतात, त्या पायांवर डोलणाऱ्या कोट्यवधींच्या सिम्युलेटरला ए ते डी अशा पायऱ्या असतात. ती पायरी डीजीसीएसारखी यंत्रणा तपासून देते आणि ठरावीक काळानं येऊन पुन्हा तपासते. ‘स्टडी लेव्हल’ मात्र कुठल्याच यंत्रणेच्या कागदावर नाही. ज्यानं आयुष्यात कॉकपिटचं दार फक्त बंद होताना पाहिलंय, तो छातीठोक सांगतो की आतलं बटण अगदी असंच वाजतं.

अस्सलपणा म्हणजे काय, ते चिरंजीवांच्या खोलीत बसून बघावं. विमान ‘कोल्ड अँड डार्क’, म्हणजे मेल्यासारखं उभं. आधी बॅटरी, मग शेपटातलं छोटं इंजिन, मग इंधनाचे पंप. मग विमान कुठं उभं आहे ते विमानालाच उमगायला हवं. आतले जायरो पृथ्वीचं फिरणं जोखून उत्तर दिशा शोधतात, आणि विषुववृत्तापासून जितकं लांब तितका वेळ जास्त लागतो. तोवर कुणी विमान हलवायचं नाही.

"उडालं का रे?" आजी स्वयंपाकघरातून विचारते.

"नाही गं, अलाइन होतंय."

"एवढ्यात मोरेन्याला जाऊन गजक घेऊन आले असते लोक."

गंमत म्हणजे हे तप चुकवायची सोयही त्याच विमानात आहे. एका पानावर जाऊन ‘झटपट’ निवडलं की पृथ्वीचं फिरणं क्षणात उरकतं. चिरंजीव पाहुणे आले की खरं करतात, एकटे असले की झटपट. उपवासाला साबुदाणा चालतो, तसंच हेही चालत असावं.

ए-३२०वाल्यांची श्रद्धा वेगळी. त्या विमानात दोन हायड्रॉलिक यंत्रणांमध्ये दाब पोचवणारं एक यंत्र असतं. दुसरं इंजिन सुरू करताना ते स्वतःची चाचणी घेतं, आणि त्याचा आवाज थेट कुत्रा भुंकल्यासारखा येतो. खऱ्या विमानात प्रवासी दचकतात. घरच्या विमानात हे भुंकणं किती अस्सल, यावर रात्र-रात्र वाद झडतात. सराफ्यात मध्यरात्री खरी कुत्री भुंकत असतात, त्यांच्याकडे कुणी लक्ष देत नाही.

खरेपणाची ही हौस ग्वाल्हेरला नवी नाही म्हणा. जयविलास महालात जेवणाच्या टेबलावर रूळ टाकून चांदीची आगगाडी फिरत असे, पाहुण्यांपुढे दारू आणि सिगार घेऊन. सुरई उचलली की गाडी थांबे, परत ठेवली की चालू लागे. संस्थानची खरी गाडी दोन फुटी रुळांवरून ग्वाल्हेर ते श्योपूर अशी सुमारे दोनशे किलोमीटर रखडत जायची, आणि तिला असलं आज्ञाधारक वळण कधी लागलं नाही. ही खरी गाडी २०२० मध्ये बंद पडली, आणि त्याच वर्षी ऑगस्टात मायक्रोसॉफ्टचा नवा सिम्युलेटर आला. श्योपूरला जायची सोय गेली आणि श्योपूरवरून उडायची आली.

घरच्या विमानातही नेमकं हे आज्ञाधारक वळणच विकलं जातं. बिघाडसुद्धा मागवता येतात. भाग वापरानं झिजतात, इंजिनाचं तेल कमी होतं, मग पडद्यावरच्या एका पानावरून मेकॅनिक बोलवायचा, तो लगेच येतो. (असा मेकॅनिक ग्वाल्हेरात कूलरसाठीही मिळत नाही.) पण ग्वाल्हेरच्या खऱ्या विमानतळाचं काय? महाराजपुऱ्याची धावपट्टी मुळात हवाई दलाची, मिराज-२००० तिथलेच. प्रवासी विमानानं तिथं पाहुण्याच्या मर्यादेनं वागायचं. चिरंजीव भर जानेवारीत ‘आकाश निरभ्र’ निवडून मध्यरात्री तिथंच उतरतात, ना विचारणा, ना धुकं.

धुक्यावरून आठवलं. ग्वाल्हेरच्या एकाच घरानं देशाला विमान वाहतुकीचे दोन मंत्री दिले, आधी माधवराव शिंदे, मग ज्योतिरादित्य. जानेवारी १९९३ मध्ये इंडियन एअरलाइन्सनं भाड्यानं घेतलेलं तुपोलेव्ह दिल्लीच्या धुक्यात उतरताना कोसळलं. विमानातले सगळे वाचले, तरी माधवरावांनी राजीनामा दिला. घरच्या विमानात अपघातानंतर ‘रिस्टार्ट’ दाबतात. राजीनाम्याचा एवढा एक तपशील अजून कुणी अस्सल करून विकलेला नाही, आणि विकला तर घेणार कोण?

अस्सलपणाच्या पोटात काय दडलेलं असतं, तेही एकदा दिसलं. २०१८ मध्ये फ्लाइट सिम लॅब्जच्या ए-३२०सोबत एक फाइल गुपचूप यायची. चोरीच्या प्रतीचा ठरावीक क्रमांक दिसला की ती क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड उचलायची. बोभाटा झाला, कंपनीनं ती काढली, माफीही मागितली. फाइल मात्र पैसे मोजलेल्या गिऱ्हाइकांच्या कॉम्प्युटरवरही उतरलेली होती. चोर पकडायला प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरात किल्ल्यांचा जुडगा ठेवणारा सराफ मी तरी पाहिलेला नाही.

खाली पेढीवरच्या काकांना परवा चिरंजीवांनी कौतुकानं सगळं दाखवलं. काकांनी ऐकून घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि धंद्याचं विचारलं, "मोडीला किती येतील?"

"मोड नाही काका. खात्याला बांधलेलं असतं. दुसऱ्याला विकता येत नाही."

"नवीन घेताना जुनं वळतं तरी करून घेतात?"

इथं चिरंजीव जरा अडखळले. पीएमडीजीचं ७३७ जुन्या सिम्युलेटरसाठी २०११ मध्ये आलं, दुसऱ्यासाठी नव्यानं २०१९ मध्ये, तिसऱ्यासाठी २०२२ मध्ये. जुन्या दर्दींनी एकच विमान तीनदा घेतलं आणि तिन्ही वेळा पेढे वाटले.

"म्हणजे दर वेळी घडणावळ नव्यानं," काका म्हणाले. "आणि सोनं किती त्यात?"

"काका, सगळी घडणावळच आहे."