कोल्ह्याचे कान आणि मयूरपंख चादर

उन्हाळी शिबिरात पाहुण्यांचा सत्कार व्याख्यानानंतर करावा, असा सोलापुरात नियम हवा. इथे शाल देत नाहीत, चादर देतात. मे महिन्यात मयूरपंख नक्षीची जाडजूड चादर खांद्यावर घेऊन ‘बर्फाळ प्रदेशातील प्राणी’ शिकवताना घामाच्या धारा लागल्या होत्या. तरी मी ती काढली नाही. फोटोग्राफर अजून यायचा होता.

“पहिली गोष्ट,” मी म्हणालो, “चादर ऊब देत नाही.”

पोरं पूर्व भागातली, बऱ्याच जणांच्या घरी यंत्रमाग. त्यांचे चेहरे असे झाले, की मी त्यांच्या खानदानी धंद्यालाच हात घातला. मग घाईने सांगितलं, की ऊब आपल्याच अंगाची. चादर फक्त तिला बाहेर सटकू देत नाही. ध्रुवीय अस्वलाचंही तेच. दाट केसांत हवा अडकते आणि कातडीखाली चार बोटं जाड चरबी असते.

“तुमच्यावानी का ओ सर?” मागून आवाज आला.

मी पोट आत घेतलं आणि अस्वलाची कातडी काळी असते, केसही पांढरे नसून पारदर्शक असतात, या निरुपद्रवी माहितीकडे वळलो.

मग कान. कान मोठे तर त्यांतून उष्णता जास्त जाते. म्हणून आर्क्टिक कोल्ह्याचे कान इवलेसे आणि आपल्या नान्नजच्या माळावरच्या खोकडाचे ऐसपैस. हा नियम जोएल ॲलन या अमेरिकन शास्त्रज्ञाने मांडला 1877 साली. आणि सोलापुरातली पहिली कापडगिरणी कधी सुरू झाली? 1877! हा योगायोग मी स्वतः हुडकलेला आहे आणि तो सांगितल्याशिवाय मी कुठल्याही व्यासपीठावरून उतरत नाही. लग्नातही सांगितला आहे. त्यामुळे ओघानेच मोरारजी गोकुळदासांची ती गिरणी आली, तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर आले, हातमागाचे यंत्रमाग झाले. जकार्डवर भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं सरकतात, कुठला धागा उचलायचा हे ती भोकं ठरवतात आणि त्यातून मोराचं पीस उमटतं, हे मी हातवारे करून दाखवलं. ज्यांच्या घरात ही खडखड दिवसभर चालते, त्यांनी ते सौजन्याने पाहून घेतलं. कोल्हा तोवर बर्फात ताटकळत होता. पहिल्या रांगेतला एक जण झोपला. खोकडही दुपारी बिळात पडून असतं, अशी मी मनाची समजूत घातली.

“ओ सर, अस्वल हितं आणलं तर?”

सोलापुरात नाही, पण सिंगापुरात झालं होतं. तिथल्या प्राणिसंग्रहालयात 1990 साली इनुका नावाचं ध्रुवीय अस्वल जन्मलं. 2004 मध्ये त्या दमट हवेत त्याच्या पोकळ केसांत शेवाळ धरलं आणि अस्वल हिरवं झालं! वर्गात हशा पिकला, झोपलेलाही उठला. पुढे औषधाने धुऊन त्याला पुन्हा पांढरं केलं. 2018 साली ते गेलं. नवं ध्रुवीय अस्वल ठेवायचं नाही, हे तिथल्या लोकांनी आधीच ठरवलं होतं.

“इतक्या वर्षांत त्याला सवय नाही झाली?” एका मुलीने विचारलं.

“नाही. कातडी काळीच राहिली. शरीराची घडण एका जन्मात बदलत नाही. हजारो पिढ्या जातात.”

“मग आईला कशी झाली?”

तिची आई पत्र्याच्या खोलीत विड्या वळते. सुपातली तंबाखू उडते म्हणून भर दुपारी पंखाही बंद. “सवय झालीया म्हणती.”

सोलापूरकराला उन्हाची सवय असते, हे आम्हा वक्त्यांचं टाळ्यांचं हमखास वाक्य. एसी सभागृहात तर ते फारच चालतं. सवय कसली? उठून जायला दुसरी जागा नसते, हजार विड्या झाल्याशिवाय मजुरी पदरात पडत नाही. खोकडाला निदान बीळ तरी असतं. या बाईच्या सोसण्याला आपण गुण म्हणतो आणि तिच्या डोक्यावरचा पत्रा तसाच ठेवतो. हे मी मोठ्याने बोललो नाही. तोंडाला कोरड पडली होती.

शेवटी चित्रं काढायला सांगितली : सोलापूरच्या उन्हासाठी नवा प्राणी तयार करा. कुणी सुपाएवढे कान काढले, कुणी उंटाचे पाय. एकाने चष्मा लावलेलं अस्वल काढलं. त्याकडे मी काणाडोळा केला. त्या मुलीने प्राणी काढलाच नव्हता. तिची खोली होती, पत्र्याच्या जागी स्लॅब होता आणि वर भलामोठा कडुलिंब.

“अगं, प्राणी कुठंय?”

“आई हाय की आत. तिला बदलायला हजारो पिढ्या लागतील म्हटलात. म्हणून घरच बदललं.”

मी तिला पहिला नंबर दिला. माझं एक तरी वाक्य कुणीतरी नीट ऐकलं होतं. 1877 मात्र एकाच्याही वहीत सापडलं नाही.