रूपांतरकार

मराठी रंगभूमीवर रूपांतरकार नावाची एक मानाची जात होऊन गेली. देवलांनी ‘ऑथेल्लो’च्या डोक्याला पागोटे बांधून त्याचा ‘झुंझारराव’ केला, तेव्हा व्हेनिसचा तो संशयी सेनापती आपल्याच आळीतला गृहस्थ असावा, असे प्रेक्षकांना वाटू लागले. ही जात रंगभूमीबरोबरच अस्तंगत झाली, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. परंतु एका रविवारी आमच्या सोसायटीच्या वाहनतळात, पाण्याच्या टाकीलगतच्या कोपऱ्यात, बनियन आणि अर्धी विजार अशा वेशात, एका हाती पान्हा आणि दुसऱ्या हाती डिझेलात बुडवलेला दात घासण्याचा जुना ब्रश घेऊन उकिडवे बसलेले भाऊसाहेब मी पाहिले, आणि ही जात नाहीशी झालेली नसून तिने केवळ आपला मुलूख बदलला आहे, याबद्दल माझी खातरजमा झाली. भाऊसाहेब जुन्या डोंगरी सायकलींची रूपांतरे करतात. मूळ कथानक, म्हणजे फ्रेम, कायम ठेवून ते तिला बाकदार हँडल, गुळगुळीत टायर, मडगार्ड आणि कॅरिअर असा साज चढवतात, आणि डोंगरात हुंदडण्यासाठी जन्मलेल्या जनावराला कचेरीच्या वाटेला लावतात.

वास्तविक, डोंगरी सायकल आमच्याकडे डोंगरासाठी कोणी घेतच नाही. ती दहावीच्या निकालासाठी घेतली जाते. चिरंजिवांना नव्वद टक्क्यांच्या वर गुण पडले, की वडील दिलेला शब्द पाळतात. जाड गोट्यांच्या टायरांची, पुढच्या चिमट्यात स्प्रिंगा असलेली, एकवीस गियरची सायकल वाजतगाजत घरी येते, वर्षभर क्लासच्या वाऱ्या करते, आणि चिरंजिवांचे वाहनपरवान्याचे वय होताच जिन्याखाली जाऊन बसते. पुढे तिची हवा जाते, साखळी गंजते, आऱ्यांमध्ये कोळी बिऱ्हाड थाटतो, आणि अखेरीस सोसायटीच्या फलकावर ‘वाहनतळातील निरुपयोगी वाहने आठ दिवसांत न हलविल्यास भंगारात देण्यात येतील’ असे फर्मान लागते. या फर्मानाची मुदत संपण्याच्या आदल्या संध्याकाळी, दत्तकविधानाच्या बोलणीला जावे तशा गांभीर्याने, भाऊसाहेब त्या बिऱ्हाडाची घंटा वाजवतात. समोरचा ‘अहो, पैसे कसले, घेऊन जा’ असे म्हणत असतानाही ते आठशे रुपये मोजतात आणि पावती मागतात; कारण आज गंजलेली म्हणून दिलेली वस्तू उद्या चकाकू लागली, की मूळ मालकाला आपली वहिवाट आठवते, हा त्यांचा अनुभव आहे.

भाऊसाहेब कॅंपातल्या एका सरकारी कचेरीत हिशेबखात्यावर होते. घर कोथरुडात, कचेरी कॅंपात, मध्ये आठ-साडेआठ किलोमीटरची मजल आणि ती पार पाडणारी बस आपल्या मर्जीची धनीण. त्यामुळे हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे लाल रेघ वारंवार पडे, आणि तीन उशिरांना एक किरकोळ रजा कापण्याच्या सरकारी शिरस्त्याने त्यांची रजा दरवर्षी दिवाळीपूर्वीच आटोपे. या अन्यायावर तोड म्हणून सायकल आली. सेवानिवृत्तीला तेव्हा अडीच वर्षे बाकी होती. नवी सायकल सरळ दुकानातून आणता आली असती. परंतु तिची किंमत चाळीस हजार निघाली, आणि भाऊसाहेबांनी वही उघडली. खर्चाच्या रकान्यात आठशे रुपये पडले. जमेच्या रकान्यात, न घेतलेल्या नव्या सायकलीचे म्हणून, चाळीस हजार. ही जमा आली कोठून, असा आक्षेप कोणीही लेखापरीक्षक घेता. पण घरच्या दप्तराचे लेखापरीक्षकही भाऊसाहेबच होते.

त्यानंतर जे घडले, त्या सर्वांचे मूळ १.६ मिलिमीटरांत आहे. डोंगरी सायकलीच्या सरळ हँडलाची जाडी, मुठी बसतात त्या जागी, २२.२ मिलिमीटर असते; शर्यतीच्या बाकदार हँडलाची २३.८. फरक म्हणाल तर साधारण रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढा; परंतु एवढ्याशा फरकापायी ब्रेकच्या जुन्या मुठी नव्या हँडलावर चढत नाहीत, म्हणून मुठी नव्या आल्या. या नव्या मुठी ब्रेकची तार ओढतात ती जुन्यांच्या जवळजवळ निम्मी. आणि सायकलीचे लांब हातांचे व्ही-ब्रेक तर भरपूर तार ओढल्यावाचून चाकाला शिवावयास तयार नाहीत. तेव्हा ब्रेकचे रबर रिमेला अगदी केसाच्या अंतरावर आणून ठेवावे लागले. रबर इतके जवळ आले, की चाकात नावालाही ‘आउट’ चालत नाही. आणि पुण्याच्या रस्त्यांवरून आठवडाभर फिरून जे चाक आउट होत नाही, ते चाक फिरलेच नाही असे खुशाल समजावे. परिणामी दर रविवारी आरे आवळून चाकाचा आउट काढणे हा भाऊसाहेबांचा कुलाचार झाला. यावर आखूड हातांचे ब्रेक आणणे, किंवा मुळातच १९९६ पूर्वीची, म्हणजे शिमानो कंपनीचे व्ही-ब्रेक बाजारात येण्याआधीची सायकल पैदा करणे, असे दोन उपाय होते. भाऊसाहेबांनी दोन्ही केले. म्हणजे ब्रेक आणले, आणि जिन्याखाली दुसरी सायकलही आणून ठेवली.

गियरची कथा निराळी नव्हती. ‘टक’ असा आवाज देऊन गियर बदलणारे जुने खटके सरळ हँडलाचेच मानकरी. ते गेले, आणि हँडलाच्या दोन्ही टोकांना साधे दांडे आले. या दांड्यांना खटका नाही. गियर कानाने शोधावा लागतो. तंबोरा जुळवताना गवई जशी खुंटी किंचित पिळून मान तिरकी करतो, तसे भाऊसाहेब नळ स्टॉपच्या सिग्नलवर दांडा किंचित ढकलून साखळीकडे कान देत. मागचे रिक्षावाले मात्र या मैफलीला हॉर्नची साथ करीत.

बुधवार आणि रविवार हे त्यांचे क्षेत्रयात्रेचे दिवस. मंगळवार पेठेजवळचा जुना बाजार या दोन वारी भरतो. नळाच्या तोट्या, बंद पडलेली घड्याळे आणि पितळी समया यांच्या ढिगाऱ्यांतून, हरवलेले मूल शोधावे तशा नजरेने फिरत भाऊसाहेबांनी एकदा बाकदार हँडल हुडकून काढले, आणि सोबत नेलेल्या मोजपट्टीवर विश्वास ठेवून आणले. घरी आल्यावर मोजपट्टीने शब्द फिरवला. हँडल जेथे आवळावयाचे तेथे त्याची जाडी निघाली २५.४, आणि ते आवळणारे स्टेम त्यांनी आधीच घेऊन ठेवले होते २६ चे. हँडल घट्ट बसेना. तेव्हा कधी नव्हे ते भाऊसाहेब नाक्यावरच्या सायकलमिस्त्रींकडे गेले. चाळीस वर्षे ओव्हरहॉलिंगला ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणत आलेले आणि याच नावाखाली सायकलीचा अखेरचा छर्रा सुटा करून पुन्हा बसवणारे हे मिस्त्री त्या हँडलाकडे बराच वेळ पाहत राहिले.

“साहेब, हँडल उलटं बसवलंय का?”

“नाही मिस्त्री, हे असंच असतं.”

“मग माणूस उलटा बसायचा का?”

भाऊसाहेबांनी त्यांना हाताच्या बैठकी समजावून सांगितल्या: वर धरावे, पुढे मुठींवर धरावे, वाऱ्याशी गाठ पडली तर खाली वाकून बाकात धरावे. कर्वे रस्त्यावर सकाळी साडेनवाला ज्याला वारा म्हणता येईल असे काही वाहत नाही. वाहावी ती रहदारी, आणि तीही वाहत नाही, हे मिस्त्रींनी सौजन्याने बोलून दाखवले नाही. त्यांनी शेजारच्या टपरीवरून शीतपेयाचा रिकामा डबा आणला, कात्रीने त्याची बोटभर रुंद पट्टी कापली, ती तिहेरी दुमडून हँडलाभोवती गुंडाळली आणि स्टेमचे बोल्ट आवळले. हँडल रेसभरही हलेना. “पण मिस्त्री, हा पत्रा या कामाचा नाही,” भाऊसाहेब कळवळून म्हणाले. “साहेब, फट होती, भरली,” मिस्त्री हात पुसत म्हणाले, “फटीला काय कळतंय, कंपनी कुठली!” त्या दिवशी वहीत ‘पत्रा: शून्य रुपये’ अशी नोंद झाली. संपूर्ण प्रकरणात अंदाजपत्रकाबाहेर न गेलेली ती एकमेव बाब.

या रूपांतरावर कोणी हरकत घेतली, तर भाऊसाहेब वकिलाप्रमाणे नजिरा काढतात. डोंगरी सायकल ही जातच मुळी रूपांतरातून जन्मली, हा त्यांचा पहिला मुद्दा. आणि तो खोटा नाही. कॅलिफोर्नियातल्या मारिन परगण्यात १९७० च्या दशकात काही उनाड तरुणांनी, तीस-चाळीस वर्षे जुन्या, जाड टायरांच्या श्विन सायकली कवडीमोलाने घेऊन टॅमलपाइस डोंगराच्या परिसरातल्या कच्च्या उतारांवरून सोडल्या, आणि १९७६ मध्ये त्यांच्या रीतसर शर्यती सुरू झाल्या. मागच्या हबमधला ब्रेक दाबून दाबून इतका तापे, की आतले ग्रीस धूर होऊन जाई आणि हब पुन्हा ग्रीसने भरून काढावा लागे; त्यावरून त्या शर्यतीचे नावच ‘रीपॅक’ पडले. दुसरी नजीर याहून भक्कम. १९९० साली अमेरिकेतल्या ड्युरँगो येथे डोंगरी सायकलींची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, त्या सुमारास जॉन टोमॅक हा नामांकित स्पर्धक डोंगरी शर्यतींत बाकदार हँडल लावून उतरत असे. “टोमॅकला चाललं, ते सोसायटीच्या सेक्रेटरींना का चालू नये?” असा प्रश्न करून भाऊसाहेब युक्तिवाद संपवतात. सेक्रेटरींचा आक्षेप हँडलावर नसून वाहनतळात सांडलेल्या डिझेलावर असतो, ही गोष्ट ते दप्तरी दाखल करून घेत नाहीत.

हँडलाला फीत गुंडाळण्याचा विधी मी स्वतः पाहिला आहे. ती टोकाकडून सुरू करावयाची, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवावयाचा, ओढ कोठे सैल पडू द्यावयाची नाही, आणि बाकाच्या आतल्या अंगाला, जेथे बाहेरचा घेर मोठा आणि आतला लहान, तेथे घडी पडू न देता वळण घ्यावयाचे. पगडी तयार विकत मिळू लागल्यापासून पुण्यातून जी कला गेली, ती मला त्या हँडलावर पुन्हा दिसली. अर्ध्यावर येऊन ओढ चुकली, की भाऊसाहेब सगळी फीत उलगडत आणि पुन्हा पहिल्या वेढ्यापासून आरंभ करीत. पाचव्या खेपेस वहिनींनी वरून हाक मारली, “अहो, जेवायला येताय की तेही गुंडाळून खाली पाठवू?”

स्प्रिंगांचा चिमटा जाऊन साधा चिमटा आला. स्टेम आधी ११० मिलिमीटरचे, मग ८० चे, मग ५० चे झाले. कारण डोंगरी सायकलीची आडवी नळी मुळातच लांब, त्यात बाकदार हँडलाचा हात आणखी पुढे गेलेला, त्यामुळे पहिल्या फेरीत भाऊसाहेब सायकलीवर बसले आहेत की पश्चिमोत्तानासन करीत आहेत, हे पाहणाऱ्याला ठरवता येईना. चाके तेवढी मूळचीच राहिली. शर्यतीची मोठी चाके घालण्याचा मोह त्यांना झाला होता. परंतु टायर बसण्याच्या जागी मोठ्या चाकाचा व्यास ६२२ मिलिमीटर आणि सव्वीस इंची चाकाचा ५५९, म्हणजे रिम ३१.५ मिलिमीटरने वर सरकणार आणि ब्रेक हवेलाच थोपवणार, हा हिशेब वहीत मांडून त्यांनी तो मोह तहकूब ठेवला. अखेर वहीतला खर्च ३८,६४० रुपयांवर येऊन थांबला, आणि भाऊसाहेबांनी विजयी मुद्रेने वहिनींना शिल्लक दाखवली: १,३६० रुपये.

“मग तेवढ्यात मला एखादी साडी आणा,” वहिनी म्हणाल्या.

“ती शिल्लक कागदोपत्री आहे,” भाऊसाहेब म्हणाले.

सायकल सर्वांगपरिपूर्ण झाली ती सेवानिवृत्तीला बारा दिवस राहिले असताना. त्यांपैकी चार सुट्ट्यांत गेले, तीन पावसात, आणि उरलेल्या पाचांतले दोन निरोपसमारंभाचा हार कॅरिअरवर नीट बांधता येईल अशा पट्ट्याच्या शोधात. प्रत्यक्ष कचेरीला ती सायकल तीन वेळा गेली. अडीच वर्षांच्या उद्योगाला तीन फेऱ्या, हा हिशेब मी मनातल्या मनात मांडला आणि मला त्यांची दया आली. ती किती अस्थानी होती, हे महिन्याभराने कळले.

मला कॅंपात काम होते. दहाला काही मिनिटे असताना त्या कचेरीवरून जाताना फाटकाशी ती सायकल दिसली. हिरवी फ्रेम, काळी फीत, पितळी घंटा. एक पाय जमिनीवर टेकून भाऊसाहेब मनगटावरचे घड्याळ पाहत होते. पाहणे झाल्यावर त्यांनी खिशातून छोटी वही काढली, पेन्सिलीने काही टिपले, पहारेकऱ्याच्या सलामाला मान लवून उत्तर दिले, आणि सायकल वळवून कोथरुडच्या दिशेला लावली. मी हाक मारून त्यांना थांबवले, आत कोणाला भेटायचे होते काय, असे विचारले.

“आत? आत आता माझं काय काम!” ते म्हणाले. “पण सायकल कचेरीसाठी केली आहे. तिला यायला नको?”

त्यांनी वही माझ्यापुढे धरली. हजेरीपटासारखेच आखलेले रकाने होते. तारीख, वार, पोहोचल्याची वेळ. नऊ बावन्न, नऊ एकोणपन्नास, नऊ चोपन्न. रविवार आणि सरकारी सुट्ट्या कोऱ्या सोडलेल्या. शेवटचा रकाना शेऱ्याचा होता, आणि संबंध महिनाभर त्यात लाल रेघ एकही नव्हती.