मान तुमचा, जमीन आमची

कंपन्या हल्ली नुसती जमीन घेत नाहीत, आधी गावाचा मान राखतात. त्यासाठी स्वतंत्र विभाग असतो, धोरण असतं, गुळगुळीत कागदावरची पुस्तिका असते आणि मुखपृष्ठावर डोक्यावर कळशी घेतलेली हसरी बाई असते. ‘गावाला आधी पूर्ण माहिती देऊन, स्वखुशीनं दिलेली संमती घेऊ’ हे वाक्य आत हमखास असतं. पुस्तिका गावात पोचते तेव्हा मोजणीवाले खुंट्या ठोकून गेलेले असतात. आधी म्हणजे कशाच्या आधी, ते कुठं लिहिलंय?

२०१३ च्या भूसंपादन कायद्यानं खासगी कंपनीसाठी ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती सक्तीची केली. इतकी दारं ठोठावायची म्हणजे गावालाच ताप. आपल्याकडे त्यावर जुना उतारा आहे: औद्योगिक विकास महामंडळाचा १९६१ चा कायदा. त्यात संमतीच्या टक्क्यांची भानगडच नाही. जमीन महामंडळासाठी घेतली जाते, भूखंड कंपनीला मिळतो. कंपनी मग अहवालात छातीठोकपणे लिहू शकते: सक्तीचं संपादन, निरंक.

ग्रामसभा टळत नसेल तर चहाच्या सह्या हजेरीवर घ्याव्यात, हजेरीच्या ठरावावर. ठराव मागाहून सावकाश लिहिता येतो.

सगळं सुरळीत चाललं असताना ओडिशात घात झाला. नियमगिरी डोंगराच्या माथ्यावर बॉक्साइट. त्याच्या भरवशावर पायथ्याशी लांजीगढला वेदांत कंपनीचा कारखाना उभा राहिला. खाणीची परवानगी नंतर बघू. म्हणजे मुलीला विचारायच्या आत मांडव. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, ग्रामसभांना विचारा. डोंगरात शंभराहून अधिक वस्त्या. राज्य सरकारनं त्यातल्या १२ निवडल्या. पण निरीक्षक म्हणून जिल्हा न्यायाधीश बसले आणि चहाच्या सह्यांची सोय गेली. डोंगरिया कोंध आदिवासी बाया-पुरुष एकेक करून उठले आणि सांगू लागले, हा डोंगर आमच्या देवाचा, नियमराजाचा आहे. १२ पैकी १२ गावं नाही म्हणाली. सरकारनं स्वतःच काढलेल्या पेपरात सरकारच नापास झालं.

मग राज्याचं खाण महामंडळ पुन्हा न्यायालयात गेलं: सभा नव्यानं घेऊ द्या. २०१६ मध्ये न्यायालयानं ती विनंती फेटाळली. महामंडळाचं तरी काय चुकलं? गावाचा होकार एकदा इतिवृत्तात गेला की नातवंडांनाही बांधतो. नकार मात्र पुढच्या सभेपुरताच.

मान राखणाऱ्या एका साहेबांना मी सुचवलं, मग हो म्हणालेल्या गावांनाही दर तीन वर्षांनी पुन्हा विचारत चला. साहेब दुखावले. म्हणाले, ‘‘छे हो, लोकांना पुन्हा पुन्हा त्रास देणं आमच्या धोरणात बसत नाही.’’